जिमसाठी स्लीव्हलेस कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत मी सकाळ-संध्याकाळ मुलांना व्यायाम शिकवतो. आहाराच्या खालोखाल मला कपड्यांबद्दलच विचारलं जातं, त्यातही स्लीव्हलेसबद्दल, आणि बहुतेक जण ते जरा हळू आवाजात, बाजूला घेऊन विचारतात. लाजायचं त्यात काहीच नाही. दोन-दोन वर्षं घाम गाळून खांदे बनवलेत तर ते दिसावेत असं वाटणारच, मलाही वाटतं. फक्त अंग दाखवणारा कपडा निवडणं हे पूर्ण बाहीच्या टी-शर्टपेक्षा अवघड काम आहे, कारण त्यात चूक झाकायला कापडच उरत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत.

१. दादा, टँक, मसल टी, स्ट्रिंगर, सँडो हे सगळं एकच ना? दुकानदार काहीही नावं सांगतो.

एक नाही. मसल टी म्हणजे टी-शर्टच, फक्त बाह्या नाहीत, खांदा पूर्ण झाकलेला आणि गळाही टी-शर्टसारखा बंद. टँक म्हणजे खांद्यावर दोन-तीन इंचाची पट्टी, गळा थोडा खोल, काखेचा कट मध्यम. ड्रॉप आर्महोल म्हणजे टँकच पण काखेचा कट पार बरगड्यांपर्यंत खाली उतरलेला. स्ट्रिंगर म्हणजे खांद्यावर जेमतेम इंचभर पट्टी आणि मागे ती दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधे एकत्र येते, इंग्रजी वाय अक्षरासारखी, त्यामुळे जवळजवळ अख्खी पाठ उघडी. रेसरबॅकही मागून तसाच पण पट्टी रुंद आणि पुढून बऱ्यापैकी झाकलेला.

सँडो हा शब्द मात्र आपल्याकडे फार जुना. युजेन सँडो नावाचा जर्मन बलवान होता (१८६७ ते १९२५), त्याने १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली आणि नंतर हिंदुस्थानातही तो खेळ करत फिरून गेला. मिस्टर ऑलिंपियाला जो पुतळा बक्षीस देतात तोही त्याचाच. आपण ज्याला साधा बनियन म्हणतो त्याला नाव व्यायामवाल्याचं आहे, हे मला फार आवडतं.

२. मग घरातला पांढरा सँडो बनियन घालूनच जिमला आलो तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, आमच्याकडे येतातही. पण तीन अडचणी आहेत. बनियनचं कापड पातळ असतं, शर्टाच्या आत घालायला बनवलेलं, त्यामुळे पांढरा बनियन घामाने भिजला की आरपार दिसतं आणि छातीला चिकटतं. दुसरं म्हणजे त्याचा गळा आणि काख दोन-चार महिन्यांत सैल पडून लोंबायला लागते. आणि तिसरं, तो रात्रंदिवस अंगावर असतो, झोपताना तोच, जिमला तोच, याने त्वचेचे जे हाल होतात ते प्रश्न १२ मध्ये वाचा. बनियनच आवडत असेल तर जाड रिबचा, काळा नाहीतर गडद राखाडी घ्या आणि तो फक्त जिमसाठी ठेवा. रिबचं कापड अंगाबरोबर ताणतं आणि परत जागेवर येतं, बारीक चणीच्या मुलांना तर ते स्ट्रिंगरपेक्षा जास्त शोभतं.

३. आपल्या हवेत कॉटन चांगलं की ड्राय-फिट?

याचं उत्तर पुण्यातल्या माणसाने दिलेलं आपल्याला चालत नाही, कारण आपल्याकडे पारा विदर्भासारखा पंचेचाळीसला जात नसला तरी हवेत पाणी भरलेलं असतं. घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम सुकल्याने होतं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण तोच घाम टपटप जमिनीवर पडला तर काहीच घेऊन जात नाही, नुसतं पाणी वाया. समुद्राकाठच्या दमट हवेत तो सुकायलाच मागत नाही. त्यामुळे इथे पहिला उपाय कापड कमी करणं आणि पंख्याखाली उभं राहणं, कापडाचा प्रकार नंतर. म्हणून मी म्हणतो की स्लीव्हलेस ही कोकणात फॅशन कमी आणि गरज जास्त आहे.

आता कापड. कॉटन वाटायला कोरडं असलं तरी हवेतला ओलावा वजनाच्या साधारण आठ टक्के धरून असतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणजे कॉटन भिजलं की जड होतं, अंगाला चिकटतं आणि काखेत घासतं. पॉलिस्टर लवकर वाळतं पण घामातलं तेल धरून ठेवतं आणि वास मारतं. ड्राय-फिट हे खरं तर नायकीचं स्वतःचं नाव, आपल्याकडे सगळ्याच सुळसुळीत पॉलिस्टरला तेच म्हणतात, आणि त्यातलं निम्मं काही घाम ओढत नाही, नुसतं प्लास्टिक अंगावर घातल्यासारखं होतं. दुकानात कापड उजेडासमोर धरा, बारीक जाळी दिसली आणि तोंडाने फुंकर मारल्यावर पलीकडे हाताला लागली तर घ्या.

माझं स्वतःचं सांगतो: जून ते सप्टेंबर जाळीचं पॉलिस्टर, कारण दुसरं काही वाळतच नाही (प्रश्न १३), आणि थंडीत कॉटन, ज्यात पाचेक टक्के लायक्रा (ताणणारा धागा) असेल असं.

४. फिटिंग कशी बघायची? दुकानात आरशात भारी दिसतो आणि जिममध्ये गेल्यावर सगळं उघडं पडतं.

कारण दुकानात आपण हात खाली सोडून, पोट आत घेऊन उभे असतो, आणि जिममध्ये असं कोणी उभं नसतं. स्लीव्हलेसमध्ये गळा, रंग, कंपनी हे सगळं नंतर, पहिली बघायची ती काख. काखेचा कट जमला तर साधा टँकसुद्धा अंगावर काढल्यासारखा बसतो, तो चुकला तर महागातला महाग कपडाही गोणपाट.

हात किंचित वर करून काखेच्या खळग्यापासून कापड किती खाली सुरू होतं ते बोटांनी मोजा. दोन-तीन बोटं असेल तर सगळीकडे चालणारा, सभ्य कट. चार बोटं म्हणजे लॅट्स (पाठीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू) दिसायला लागतात, बाजूने छातीची कड दिसते, हा सगळ्यात देखणा कट असं माझं मत. त्याच्याही खाली गेला, वीतभर, तर तो स्ट्रिंगरच्या जातीचा, त्याला अंगही तसं लागतं. आणि एक बोटसुद्धा जात नसेल तर तो काखेत काचणार, आठवडाभरात तिथे लाल पट्टा उठेल.

मग ट्रायल रूममध्ये तीन गोष्टी करा. दोरीवर कपडे वाळत घालतो तसे दोन्ही हात पूर्ण वर करा, बेंबी दिसली तर लांबी कमी आहे. मग विहिरीवरची बादली उचलायला वाकतो तसं वाका आणि मान वर करून आरशात बघा, गळ्यातून पोटापर्यंत सगळं दिसत असेल तर गळा खोल आहे. मग एक हात आडवा समोर नेऊन दुसऱ्या खांद्याला लावा, त्यात पट्टी घसरून दंडावर आली तर तो कपडा ठेवून द्या, कारण रोइंग (वजन पोटाकडे ओढायचा पाठीचा व्यायाम) करताना दर रेपला, म्हणजे दर वेळी ओढताना, ती तशीच घसरेल आणि तुमचं अर्धं लक्ष ती वर ओढण्यात जाईल.

खांद्याची पट्टी कुठे संपते हेही बघा. खांद्याच्या हाडावर बरोबर संपली तर बाही फाटून पडल्यासारखं दिसतं, हाडाच्या बाहेर लोंबली तर खांदे पडलेले दिसतात. हाडाच्या आत एक-दोन बोटं संपली पाहिजे, म्हणजे खांद्याचा गोळा पूर्ण मोकळा दिसतो. आणि कॉटन असेल तर पहिल्या धुण्यात ते थोडं आखडणार हे धरून चला, लांबी जेमतेम असलेला घेऊ नका.

५. मी बारीक आहे, दंड काडीसारखे. मी स्लीव्हलेस घातला तर हसतील.

घाला. उलट बारीक मुलाची एक जमेची बाजू असते, चरबी नसल्यामुळे जे काही थोडं बनलंय ते स्पष्ट दिसतं. फक्त मोठ्या मापाचा, ढगळ स्ट्रिंगर घेऊ नका, त्यात तुम्ही हँगरला लावल्यासारखे दिसता आणि काखेतून बरगड्या मोजता येतात. अंगाबरोबर बसणारा टँक, पट्टी हाडाच्या दोन बोटं आत, गळा गोल आणि उथळ. खोल गळ्याने छातीचं हाड दिसतं आणि माणूस आणखी बारीक वाटतो. छातीवर आडवी पट्टी किंवा मोठी छपाई असलेला फिका रंग बारीक अंगाला भरीव दाखवतो. अरुंद खांद्यांनाही हाच नियम.

आमच्याकडे एक देवगडकडचा मुलगा आहे, कॉलेजात शिकतो, पहिले सहा महिने तो फुल टी-शर्टमध्ये यायचा आणि आरशाकडे पाठ करून व्यायाम करायचा. त्याला मी नुसतं सांगितलं की बाबा, खांदा हलतो कसा ते दिसल्याशिवाय तुझी चूक मला कळणार नाही. स्लीव्हलेसमध्ये आल्यावर लगेच दिसलं की लॅटरल रेजला (डंबेल बाजूने खांद्यापर्यंत उचलताना) तो खांदा कानाकडे उचलतोय. महिन्याभरात सुधारला. बारीक असाल तर तुम्हालाच स्लीव्हलेसची जास्त गरज आहे.

६. पोट आहे आणि छातीही थोडी लोंबते. काहीच पर्याय नाही का?

आहे की. मसल टी. जाड कापडाचा, साधारण १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचा), गडद रंग, सरळ कट, लांबी कमरेच्या हाडाच्या चार बोटं खाली. काखेचा कट दोन बोटं, त्याहून खाली नको, कारण बाजूने छाती तिथूनच दिसते. लायक्रा आणि रिब टाळा, ते प्रत्येक वळी दाखवतं, आणि ढगळ तंबूही नको, तो पोटावरून खाली लोंबतो आणि पोट होतं त्याहून मोठं दिसतं. दंड आणि खांदे बहुतेक जाड माणसांचे मुळात भरलेले असतात, ते दिसू द्या, बघणाऱ्याची नजर तिकडेच जाते.

आत घट्ट कॉम्प्रेशनचा बनियन घालून वर टँक घालायचा सल्ला इंटरनेटवर देतात, आपल्या हवेत ते करू नका, उकडून जीव जाईल. आणि छातीत बोंडाखाली कडक गाठीसारखं काही लागत असेल किंवा दुखत असेल तर ते नुसती चरबी नसू शकतं, डॉक्टरला दाखवा. बऱ्याच मुलांना होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

७. पाठ चांगली झालीय, आता स्ट्रिंगर घ्यायचाच आहे. किती खोल घेऊ?

अभिनंदन, पाठ बनवायला सगळ्यात वेळ लागतो आणि ती स्वतःला दिसतही नाही. स्ट्रिंगर पाठीसाठीच आहे. मागची पट्टी दोन पात्यांच्या बरोबर मधे, तीन बोटांपेक्षा जास्त रुंद नको, म्हणजे रोइंग करताना पात्यांची हालचाल पूर्ण दिसते. पुढचा गळा मात्र बोंडाच्या वरच थांबला पाहिजे, उभं असतानाही आणि वाकल्यावरही. पुढे-मागे, बाजूला सगळीकडूनच खोल असेल तर मग कपडा घातलाय कशाला असं होतं. एका बाजूने उघडा तर दुसऱ्या बाजूने झाकलेला, हा साधा हिशोब अंग दाखवणाऱ्या प्रत्येक कपड्याला लागतो.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांच्या पाठी बघा कधीतरी. दोरी कमरेला लावून मागे झुकून ओढतात, उघड्या अंगाने, आणि मानेपासून कमरेपर्यंत एकेक दोर वेगळा दिसतो. कोणी दाखवायला बनवलेली नाही ती पाठ, तरी नजर हटत नाही. माझ्या डोक्यात चांगली पाठ म्हटलं की तीच येते.

८. रंग कुठला?

घाम लपवायचा असेल तर काळा, नेव्ही, गडद हिरवा. फिका राखाडी सगळ्यात वाईट, त्यावर घामाचा प्रत्येक डाग नकाशासारखा उठतो. काळ्यावर घाम दिसत नाही पण वाळल्यावर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात, म्हणून काळा दुसऱ्या दिवशी न धुता घालता येत नाही (तसाही घालायचा नसतो). पांढरा पातळ नको, कारण प्रश्न २ मध्ये दिलंय. सावळ्या अंगावर मरून, मोहरी आणि गडद हिरवा फार खुलतो, आपल्याकडची मुलं उगाच काळ्यावरच अडकतात.

९. आम्हा मुलींसाठी पण सांगा ना. टँक घातला की वाकताना सारखा गळा धरावा लागतो.

हे मी आमच्याकडे येणाऱ्या ताईंना विचारून लिहितोय, माझं स्वतःचं ज्ञान इथे कमी आहे. त्यांचं एकमत असं की आधी आतली स्पोर्ट्स ब्रा नीट मापाची घ्या, टँक नंतर, कारण आधार ब्रा देते आणि ती चुकली तर वरून काहीही घाला, उड्या मारताना त्रासच. उडी मारून बघा, हात वर करून बघा, खालची पट्टी वर सरकली तर माप मोठं आहे.

वरून रेसरबॅक सगळ्यात सोयीचा, पट्ट्या घसरत नाहीत आणि पाती मोकळी राहतात. गळ्याची परीक्षा प्लँकमध्ये: ट्रायल रूममध्ये भिंतीला हात टेकून तिरक्या उभ्या राहा आणि आरशात बघा, गळा अंगापासून सुटून लोंबला तर तो टँक नको, उथळ गळ्याचा घ्या. काखेतून ब्राची पट्टी दिसली तर काही बिघडत नाही, तशीच फॅशन आहे, फक्त ती ब्रा स्पोर्ट्सची असावी म्हणजे ती कपड्याचाच भाग वाटते. लांबी ढुंगणाच्या मध्यापर्यंत असेल तर स्क्वॉट (बैठक) आणि डेडलिफ्टला (वाकून जमिनीवरून बार उचलताना) वारंवार मागे ओढावा लागत नाही. मोठ्या ताईंना, बाळंतपणानंतर येणाऱ्यांना, पोटावर सैल आणि खांद्यावर बसणारा कट आवडतो, ज्याला खाली घेर असतो.

आणि कोणी बघत बसत असेल तर कपडा बदलायचा नाही, सरळ ट्रेनरला सांगायचं. बघणाऱ्याला समज देणं हे आमचं काम आहे.

१०. असा कुठला व्यायाम आहे का ज्याला स्लीव्हलेस घालूच नये?

आहे, बार पाठीवर घेऊन करायचा स्क्वॉट, आणि तोही स्ट्रिंगरमध्ये. उघड्या ओल्या पाठीवर बार घसरतो. माझ्या दुसऱ्या वर्षी जुलै महिन्यात मी हेच केलं होतं, चौथ्या रेपला बार पाठीवरून खाली घसरला, रॅकला बार अडवणाऱ्या लोखंडी सेफ्टी पिन लावल्या होत्या म्हणून वाचलो, पण बारच्या खरखरीत भागाने मानेखालची कातडी सोलून नेली, तिथला डाग अजून आहे. त्या दिवसापासून स्क्वॉटला मी मागून झाकलेला कॉटनचा कपडाच घालतो, कॉटन बार धरून ठेवतं, सुळसुळीत पॉलिस्टर धरत नाही.

बेंच प्रेसलाही तसंच, रेक्झिनवर ओली उघडी पाठ एक तर चिकटते नाहीतर घसरते, पाती आवळून धरता येत नाहीत. पाठ उघडी असेल तर बेंचवर टॉवेल टाका, तो तुमच्यासाठी पण आणि नंतर झोपणाऱ्यासाठी पण. आणि केबलवर काम करताना फार ढगळ, लोंबणारा ड्रॉप आर्महोल नको, कापड पुलीत जाऊ शकतं.

खांदे, दंड, पाठ, यासाठी मात्र स्लीव्हलेसच. हालचाल दिसते, चूक सापडते.

११. काखेतले केस काढावेत का? आणि वासाचं काय?

पूर्ण काढायची गरज नाही, कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करा, पुरतं. वस्तऱ्याने तासून लगेच घामात गेलात तर जळजळ होते आणि पुटकुळ्या येतात, तासायचेच असतील तर आदल्या रात्री.

ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच, कातडीवरचे जिवाणू त्याच्यावर काम करतात तेव्हा वास येतो. म्हणून जिमला जायच्या आधी काख साबणाने धुवा, कोरडी करा आणि मग डिओ. न धुता वरून डिओ मारलेला वास तर अख्ख्या जिमला कळतो. घाम थांबवणाऱ्या रोल-ऑनमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, त्यांनीच पांढऱ्या कपड्याच्या काखेत पिवळे डाग पडतात, म्हणून तो लावून दोन मिनिटं सुकू द्या आणि मगच कपडा घाला.

१२. काखेत आणि छातीवर गोल लाल चट्टे आलेत, खाज येते. स्लीव्हलेसमुळे का?

स्लीव्हलेसमुळे नाही, ओल्यामुळे. गोल कडा असलेला, खाजणारा चट्टा म्हणजे बहुतेक वेळा गजकर्ण, ही बुरशी आहे, आपल्या दमट हवेत ती फार फोफावते. एकमेकांचे टॉवेल वापरणं, ओला कपडा अंगावर ठेवून तासभर गप्पा मारणं, कालचा घामट टँक आज परत घालणं, यातून पसरते. व्यायाम झाला की तो टँक तिथेच उतरवा, अंग पुसा, कोरडा घाला.

इथे मी हात जोडून एक सांगतो. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेलं मलम आणून लावू नका. खाजेवरच्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्याने दोन दिवसांत बरं वाटतं, लाली जाते, आणि आत बुरशी पसरत राहते, नंतर डॉक्टरलाही ओळखू येत नाही अशी होते. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, सांगतील तितके दिवस औषध पूर्ण घ्या, आणि तोवर उघड्या अंगाने बेंचवर झोपू नका, दुसऱ्यांना लागेल. बारीक बारीक पुरळ असेल, खाज कमी आणि टोचल्यासारखं जास्त, तर ते घामोळं, ते थंड पाण्याने आणि मोकळ्या कपड्याने जातं.

१३. पावसात टँक वाळतच नाहीत. घरात वास येतो, एकावर तर काळे ठिपके पडलेत.

हा प्रश्न जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज येतो. काळे ठिपके म्हणजे बुरा, तो कापडात शिरला की कॉटनमधून पूर्ण जात नाही, म्हणून येऊच द्यायचा नाही. जिममधून आल्यावर ओला टँक बॅगेत ठेवायचा नाही, सगळं नुकसान त्या बॅगेत होतं. लगेच धुणं जमत नसेल तर नुसता नळाखाली खळखळून पिळून टांगा, अर्धं काम झालं.

धुताना उलटा करून गार पाण्यात, साबण थोडा, आणि कंफर्टसारखं मऊ करणारं काही पॉलिस्टरला घालू नका, त्याचा थर बसून कापडाची घाम ओढायची ताकद जाते आणि वास आत अडकतो. वास बसलाच असेल तर अर्धी बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. वाळवताना दोन टँकच्या मधे वीतभर अंतर, आणि पंखा समोरून, छताचा नव्हे. चुलीच्या वर किंवा इस्त्रीने वाळवू नका, लायक्रा उष्णतेने मरतो आणि काख सैल पडते.

पावसाळ्यात चार नग लागतात, इतर वेळी तीन पुरतात. एकच भारीतला घेऊन तो ओला ओला घालण्यापेक्षा साधे चार बरे. बनियन आणि होजिअरीचा बराच माल तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतो, आपल्याकडच्या बाजारात बिननावाचाही चांगला मिळतो, शिवण बघून घ्या: काखेच्या कडेला दुहेरी शिवण आणि आतून कापड दुमडलेलं असलं पाहिजे.

१४. आई म्हणते असं अर्धं उघडं फिरू नकोस. वाडीतले काका पण बोलतात.

मलाही ऐकवलंय. जिममधून परस्पर दुकानात गेलो होतो, तिथल्या आजोबांनी बघितलं आणि म्हणाले, "अरे, ह्या काय, बनियानवरच इलंस?" राग आला नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. जे आजोबा बोलले तेच सकाळी उघड्या अंगाने, पंचा लावून पोफळी शिंपतात, म्हणजे अंगाचं त्यांना वावडं नाहीये, जागेचं आहे. बागेत, समुद्रावर, आखाड्यात उघडं अंग चालतं, बाजारात, देवळात, कुणाच्या ओटीवर नाही. जिम ही पहिल्या प्रकारातली जागा. म्हणून बॅगेत एक सुती हाफ शर्ट ठेवा, व्यायाम झाला, अंग पुसलं, तो चढवला, बटणं लावली, मग घरी. आईशी वाद घालत बसण्यापेक्षा हे सोपं आहे आणि त्वचेलाही बरं.

काही जिममध्ये स्ट्रिंगर चालत नाही असा नियम असतो. भांडू नका, तिथे मसल टी किंवा दोन-तीन बोटं कटचा टँक घाला.

१५. स्पर्धेला स्लीव्हलेस चालतो का?

कुठल्या स्पर्धेला त्यावर आहे. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट आणि बेंच प्रेसला अंगाला घट्ट बसणाऱ्या सूटच्या आत बाहीचाच टी-शर्ट लागतो, स्लीव्हलेस घालून गेलात तर परत पाठवतील. वेटलिफ्टिंगचा सूट मुळातच बिनबाह्यांचा असतो. शरीरसौष्ठवात स्टेजवर नुसती ट्रंक. पण वॉर्म-अपला मागे उभे असाल तेव्हा ढगळ टँक घाला, अंगाला लावलेला रंग घट्ट कपड्याने पुसला जातो.

१६. भाट्याच्या पुळणीवर पळताना तोच टँक वापरू का?

वापरा, पण दोन गोष्टी. सकाळी आठच्या नंतर उघडे खांदे भाजतात, ढग असले तरी, म्हणून सनस्क्रीन लावा, नाहीतर मसल टी घाला. आणि खाऱ्या वाऱ्यात घामाचं मीठ काखेच्या कडेला आणि बोंडांना घासतं, लांब पळणाऱ्यांना रक्तसुद्धा येतं. निघायच्या आधी तिथे बोटभर व्हॅसलिन लावा. एक मात्र होणार, महिनाभरात खांद्यावर टँकच्या आकाराचा दोन रंगांचा पट्टा पडेल, मग वेगळ्या कटचा स्ट्रिंगर घातला की तो दिसतो. ज्यांना तो खटकतो त्यांनी बाहेर आणि जिममध्ये एकाच कटचे टँक वापरावेत.

१७. काखेजवळ, खांद्याच्या पुढे जांभळट रेघा आल्यात. त्या कशा झाकू?

झाकू नका. अंग पटापट वाढलं की कातडी ताणते आणि त्या येतात, पुढे त्या पांढुरक्या होऊन फिक्या पडतात. काही इलाज करून पूर्ण जात नाहीत. माझ्या दोन्ही खांद्यांवर आहेत आणि मी चार बोटं कटचाच टँक घालतो.

१८. विकत घेण्यापेक्षा जुना टी-शर्ट कापला तर?

उत्तम, माझा सगळ्यात आवडता टँक असाच आहे, कॉलेजच्या गॅदरिंगचा टी-शर्ट होता. बहुतेक जण चुकतात ते बाहीच्या शिवणीवर कापतात, मग पट्टी बरोबर हाडावर संपते आणि ते फाटल्यासारखं दिसतं (प्रश्न ४). टी-शर्ट अंगात घाला, खडूने खांद्याच्या हाडाच्या आत दोन बोटांवर खूण करा, हात थोडा वर करून काखेच्या खाली तीन बोटांवर दुसरी खूण करा. काढून सपाट पसरा, उभा मधोमध दुमडा म्हणजे दोन्ही बाह्या एकावर एक येतील, आणि दोन खुणा जोडणारी रेघ आत वळवत काढा, पुढे थोडी जास्त आत, मागे कमी. सरळ रेघ कापली तर छातीवर कापड गोळा होतं. आधी खुणेच्या अर्धा इंच बाहेरून कापा, घालून बघा, मग हवं तितकं आणखी कापा, कापलेलं परत जोडता येत नाही. गळा कापायचाच असेल तर फक्त रिबची पट्टी काढा, तेवढ्याने तो आपोआप खोल होतो.

होजिअरीचं कापड कापल्यावर कडा आपणहून आत गुंडाळतात, त्या शिवायची गरज नाही. फक्त काखेच्या तळाशी, जिथे बाजूची शिवण कापली गेलीय, तिथे सुईदोऱ्याने चार-पाच घट्ट टाके मारा, नाहीतर पहिल्याच पुल-अपला ती कमरेपर्यंत उसवत जाते.